हात मोकळे राहावेत म्हणून

२४ सप्टेंबर २०२३ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी या मोटरसायकल स्पर्धेची भारतातली पहिली शर्यत झाली. उकाड्यामुळे २४ फेऱ्यांची शर्यत २१ फेऱ्यांवर आणावी लागली. तरीही दुसरा आलेला स्पेनचा होर्हे मार्तीन शर्यत संपल्यावर गाडीवरून उतरला आणि कोसळलाच. शरीरातलं पाणी आटलं होतं.

सप्टेंबरातल्या नोएडाचं ऊन जळगाव-भुसावळचा माणूस हसण्यावारी नेईल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि लोक लग्नाच्या वराती काढतात. पण अंगाला घट्ट बसणारा चामड्याचा सूट, हातमोजे, बूट, दीड किलोचं हेल्मेट आणि पोटाखाली तापलेलं इंजिन, हे सगळं घेऊन कोणी वरातीत नाचत नाही. शर्यतीत हृदयाचे ठोके मिनिटाला १७०-१८०च्या घरात जातात आणि बराच वेळ तिथेच राहतात. ‘गाडीच तर पळते, हा नुसता बसलेला असतो’ असं म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

आपल्या राष्ट्रीय मोटरसायकल शर्यती प्रामुख्याने चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर आणि कोइमतूरच्या २.१ किलोमीटरच्या करी मोटर स्पीडवेवर होतात. हंगाम साधारण उन्हाळा सरताना सुरू होतो. म्हणजे तयारीचे महिने हिवाळा आणि उन्हाळा. खानदेशातल्या पोराच्या दृष्टीने हिवाळा म्हणजे वांग्याचं भरीत, वर तेलाचा तवंग आणि कळण्याची भाकरी. भरताला माझा विरोध नाही. पण दीडशे-तीनशे सीसीच्या गाडीला मुळात ताकद कमी. स्वाराचं वाढलेलं वजन सरळ पट्ट्यावर लगेच कळतं. भाकरी ठेवा, तेलाचा हात आखडा.

आता व्यायामाचं. जळगाव असो की धुळे, जिममध्ये पोरं आरशासमोर दंड फुगवताना दिसतात. रेसरला नेमकं तेच कमी लागतं. सरळ पट्टा संपत आला की काय होतं बघा: स्वार वाऱ्याआडून छाती वर काढतो, उजव्या हाताची दोन बोटं ब्रेकवर येतात, गाडीचा वेग झपकन उतरतो, पण शरीर पुढेच जाऊ बघतं. मोटोजीपीच्या गाडीवर हा पुढचा ओढा शरीराच्या वजनाच्या दीडपट किंवा जास्तच असतो. लहान गाडीवर कमी, तरी थोडाथोडका नाही. तो हातांवर घेतला तर हँडल आवळलं जातं. आवळलेल्या हँडलने पुढच्या चाकाचा अंदाज लागत नाही, वळण चुकतं. म्हणून तो भार मांड्यांनी टाकी दाबून आणि पोट-पाठीच्या स्नायूंनी पेलायचा असतो. बिनहंगामातली सगळी मेहनत हात मोकळे राहावेत म्हणून.

हात आवळण्याची किंमत मोठ्यांनीही मोजली आहे. मे २०२१ मध्ये हेरेझच्या शर्यतीत फ्रान्सचा फाबियो क्वार्तारारो आघाडीवर होता, तो तेराव्या क्रमांकावर घसरला. कोपराखालच्या हाताने दगा दिला. तिथल्या स्नायूंवर एक न ताणलं जाणारं आवरण असतं. मेहनतीने रक्त भरून स्नायू फुगतात आणि तंग अभ्र्यात कापूस कोंबावा तसा आत दाब वाढतो. बोटं बधिर होतात, ब्रेक नीट ओढता येत नाही. क्वार्तारारोने काही दिवसांतच शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याच वर्षी तो जगज्जेता झाला. शस्त्रक्रियेची वेळ येऊच नये यासाठी मांड्या आणि कंबर कमवायची.

आणि इथे मला आपला मल्लखांब आठवतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला पुन्हा ऊर्जितावस्था आणली, त्या खांबावर पहिली शिकवण मांड्यांच्या पकडीचीच असते. ती पकड, म्हणजे अढी, मारलेल्या मुलाकडे जवळून पाहा. सगळं वजन मांड्यांवर, कंबर पिळलेली, हात सुटे. वळणावर गाडीबाहेर लटकलेल्या रेसरची ठेवणही फार वेगळी नसते. तालमीतल्या बैठका, सपाट्या आणि हलका मुद्गल यांनी पाय, खांदे, मनगटं तयार होतात. पैलवानी वजन मात्र नको. खुराक पैलवानाचा घेऊ नये.

दमसासासाठी सायकल आणि पोहणं उत्तम, सांध्यांना मार बसत नाही. जळगावकरांना मेहरूण तलावाचा परिसर आहे, धुळेकरांना लळिंगचा किल्ला: चढताना जोरात, उतरताना सावकाश, पुन्हा चढ. आठवड्यातून दोनदा पुरे. पण आधी मागच्या हंगामातलं दुखणं बरं व्हायला हवं. पडल्यावर अनेकदा गळपट्टीचं हाड मोडतं, आणि अर्धवट जुळलेल्या हाडावर जोर मारणं हा शूरपणा नव्हे.

उन्हाचं मात्र वरदान आहे, वापरता आलं तर. उष्म्यात रोज तासभर बेताचा व्यायाम केला की दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलतं: रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं. ही कमाई काही आठवड्यांत ओसरते, म्हणून ती शर्यतीच्या तोंडावर करायची, फेब्रुवारीत नाही. वेळ उन्हं कलल्यानंतरची. मेच्या दुपारी एक वाजता धावणारा उष्माघाताला बोलावणं धाडतो. व्यायामाआधी आणि नंतर वजन करावं. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं, ते मीठ-साखरेसह भरून काढायचं. चेन्नईचा उकाडा दमट, तिथे घाम वाळत नाही; म्हणून चार दिवस आधी पोहोचावं.

आणखी एक. मोटरसायकल रेसर व्हॅलेंतिनो रॉसीच्या गावी, इटलीतल्या ताव्हुलियाला, मातीचा ट्रॅक आहे. बुद्ध सर्किटवरची ती शर्यत जिंकलेला मार्को बेझेक्की त्याच तालमीतला. घसरणारं मागचं चाक सांभाळायला माती शिकवते. आपल्याकडे मात्र काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, चाक अडकतं. मुरमाड माळ बरा, मालकाला विचारून, जुन्या हलक्या गाडीवर, हेल्मेट आणि गुडघ्या-कोपरांची कवचं घालून, सोबत एक माणूस ठेवून.

आग्रा रोडवर आणि कन्नडच्या घाटात मात्र सराव नको. तिथे समोरून केळीचा ट्रक येतो, ट्रॅकवर येत नाही. रेसिंगचे वर्ग चेन्नईच्या ट्रॅकवर होतात, आणि अहमदाबादहून चेन्नईला जाणारी नवजीवन एक्स्प्रेस जळगावला थांबते.