दवाखान्याच्या छतावर लोकवर्गणीची वीज

मराठवाड्यात लोकवर्गणी नवी नाही. सप्ताह, मंदिराचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, सारे वर्गणीतून उभे राहते. आपल्या हिंगोली जिल्ह्यात भरपूर असलेले ऊन आणि ही वर्गणी यांची सांगड घातली, तर धर्मादाय दवाखाने, वृद्धाश्रम आणि वसतिगृहांना स्वतःची वीज मिळू शकते. यात बिलाची बचत आहेच. पण डॉक्टर म्हणून मला त्यातला आरोग्याचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो.

लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवाव्या लागतात. दम्याच्या रुग्णाचा नेब्युलायझर, फुप्फुसाच्या रुग्णाचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. रात्रीच्या प्रसूतीत रक्तस्राव वेळीच दिसायला उजेड लागतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेल्यावर वृद्धाश्रमातला बंद पंखा उष्माघाताला आमंत्रण देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार, जगातील जवळपास १०० कोटी लोक ज्या आरोग्य केंद्रांवर अवलंबून आहेत, तिथे भरवशाची वीज नाही किंवा वीजच नाही.

शेजारच्या छत्तीसगडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथे सरकारने शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर संच बसवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, विजेची टंचाई असलेल्या इतर केंद्रांपेक्षा सौर केंद्रांमध्ये जास्त रुग्ण दाखल झाल्याचे आणि प्रसूतीही जास्त झाल्याचे दिसले. सगळे श्रेय सौर विजेलाच देता येणार नाही. पण दिवे असलेल्या दवाखान्यात माणसे येतात, हे खरे.

घरांसाठी ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे अनुदान आहे. धर्मादाय संस्थेच्या दवाखान्याला ते मिळत नाही, म्हणून वर्गणीचा विचार. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘री-व्हॉल्व्ह’ या संस्थेने यासाठी एक साधी रीत बसवली. लोकांच्या छोट्या देणग्यांतून एखाद्या सेवाभावी संस्थेच्या छतावर पॅनेल बसतात. ती संस्था वाचलेल्या बिलातून हप्ते भरते आणि त्या हप्त्यांतून पुढच्या संस्थेचे पॅनेल बसतात. पैसा एकदा खर्च होऊन संपत नाही, फिरत राहतो. आपल्या बचत गटातल्या बायांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

मात्र पैसे गोळा करण्याआधी चार गोष्टी ठरवाव्यात.

पहिली, वीज कशासाठी हवी? फक्त ग्रिडला जोडलेला, बॅटरी नसलेला संच बिल कमी करतो. पण महावितरणची वीज गेली की सुरक्षिततेसाठी तोही बंद पडतो. कडक उन्हातसुद्धा! रुग्णांसाठी वीज हवी असेल, तर बॅटरीसह हायब्रिड संच घ्यावा.

दुसरी, हिशेब. एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट देतो. म्हणजे तीन किलोवॉटचे बारा. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ३५० वॉटचा धरला, तर दिवसरात्र चालून तो एकटाच आठ युनिट खातो. म्हणून दिवे, पंखे, फ्रिज आणि रुग्णांची उपकरणे आधी. पाणी तापवण्याचा हीटर आणि इस्त्री या संचावर नको.

तिसरी, बॅटरी. पॅनेल साधारण पंचवीस वर्षे टिकतात, लेड-ॲसिड बॅटरी मात्र तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. गावोगावचे सौर दिवे का विझले, त्याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते. वाचलेल्या बिलातला एक भाग पहिल्या महिन्यापासून बॅटरीसाठी वेगळा ठेवावा, उरलेला फिरत्या निधीत जावा.

चौथी, जबाबदार माणूस. पॅनेलवरची धूळ सकाळी लवकर, काच थंड असताना पाण्याने धुणे, लेड-ॲसिड बॅटरीतले पाणी पाहणे, युनिटची नोंद ठेवणे, ही कामे नाव घेऊन एकाकडे सोपवावीत. ‘सगळ्यांचे काम’ म्हटले की ते कोणाचेच राहत नाही.

संच बसला की देणगीदारांच्या नावांची पाटी लागतेच, लागावीही. तिच्याशेजारी आणखी दोन ओळी लिहाव्यात: बॅटरी बदलण्याचे वर्ष आणि निधीत आजवर जमा झालेली रक्कम. वर्गणी देणारा पुढच्या वेळी त्याच दोन ओळी आधी वाचेल.