कुकरची रिंग आणि गाडीचं रबर

कुकरची शिट्टी होईनाशी झाली की आपण काय करतो? कुकर भंगारात घालतो का? मुळीच नाही. आधी झाकणाची रिंग काढून बघतो. बोटांनी वाकवून पाहतो. कडक झाली असेल, कुठे चीर गेली असेल, तर बाजारातून नवी आणतो आणि संध्याकाळी त्याच कुकरात भात लावतो. हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलेलं नसतं. पण दारात उभी असलेली मोटारसायकल बिघडली की हे सगळं शहाणपण आपण चपलांबरोबर बाहेरच काढून ठेवतो. 'ते आपल्याला काय कळतंय!' म्हणतो आणि मेकॅनिक सांगेल तो आकडा मुकाट्याने मोजतो.

मीही मोजलेला आहे, म्हणून सांगते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा यजमानांची यामाहा आरएक्स १०० दारात होती. २०१२ साली ती सुरू व्हायला त्रास देऊ लागली, मध्येच बंद पडू लागली. 'इंजिन गेलं' असं सांगण्यात आलं आणि आम्ही ती कवडीमोलाने देऊन टाकली. घेणाऱ्याने महिनाभरात तीच गाडी आमच्या दारावरून टकाटक नेली. यजमान काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवताना त्यांनी दुसरी भाकरी घेतली नाही.

ही जुनी गोष्ट परवा आठवली ती आमच्या बचत गटाच्या बैठकीत. गडहिंग्लज तालुक्यात आमचा बारा जणींचा गट आहे. गटातल्या एका अक्कांनी नऊ हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "गाडीचं बोअर-पिस्टन करायचंय."

अक्कांचे मालक चार वर्षांपूर्वी गेले. मागे दोन म्हशी, एक गाय, एक मुलगा आणि मालकांची आरएक्स १००. मुलगा कॉलेज सांभाळून सकाळ-संध्याकाळ त्याच गाडीला कॅन अडकवून डेअरीत दूध घालतो. वस्तीपासून डेअरी पाच किलोमीटर, मध्ये चढ. वेळ टळली की संकलन बंद. ते दूध मग घरीच विरजायचं, म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली.

गेले दोन महिने गाडी छळत होती. सकाळी दहा-बारा किका माराव्यात तेव्हा सुरू व्हायची. चोक ओढून ठेवावा लागायचा. उभ्या गाडीची रेस आपोआप वाढायची, मग एकदम खाली यायची. चढाला दम टाकायची. गॅरेजमध्ये तीनदा कार्बोरेटर साफ झाला, प्लग बदलला, तरी फरक नाही. शेवटी निदान झालं, 'इंजिन गेलंय.' वर तिथल्याच एकाने सांगितलं, "काकू, कशाला खर्चात पडताय? वीस हजाराला मी घेतो."

आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं तयार झाली. आज चांगल्या स्थितीतली गाडी हौशी लोक त्याहून कितीतरी जास्त पैसे मोजून घेतात. अक्कांना ते ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असतं तरी, मालकांची गाडी विकायला त्यांचं मन होत नव्हतं. कर्ज काढायचं तर शेकडा दोनने महिन्याला १८० रुपये नुसतं व्याज.

मी म्हटलं, "अक्का, पोटाचं ऑपरेशन सांगितलं तर आपण दुसऱ्या डॉक्टरला दाखवतो ना? कर्जाचा कागद उद्या करू. आधी गाडी आमच्या भाऊजींना दाखवू."

भाऊजी म्हणजे माझे दीर. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, आता निवृत्त. दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेक गाडी घेऊन आमच्या अंगणात हजर. भाऊजींनी पान्याला हातही लावला नाही. आधी बंद गाडीची किक हाताने हळूहळू दाबून बघितली. म्हणाले, "वहिनी, किकला दम आहे. बोअर-पिस्टन संपलं असतं तर किक अशी घट्ट लागली नसती. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली आणा जरा."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण बाटली आणली. गाडी सुरू करून त्यांनी कार्बोरेटरच्या पुढच्या रबरावर पाण्याचा बारीक फवारा मारला. वरून मारला, काही नाही. बाजूने मारला, काही नाही. खालच्या बाजूने मारला आणि भुणभुण करणारी गाडी एकदम बसल्या आवाजात बोलू लागली. बाटली थांबवली, पाणी वाळलं, की पुन्हा रेस वर.

"हवा घेतेय," भाऊजी म्हणाले. "गाडी गार होऊ द्या, मग रबर काढू."

आता हे रबर म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही त्या दिवशीच नीट समजलं. इंजिन श्वास घेतं. बाहेरची हवा फिल्टरमधून गाळून कार्बोरेटरमध्ये येते, तिथे तिच्यात पेट्रोल मिसळतं आणि ते मिश्रण इंजिनात जातं. प्रमाण साधारण एक भाग पेट्रोलला वजनाने पंधरा भाग हवा. आरएक्ससारख्या गाड्यांत कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारा एक जाड रबरी तुकडा असतो, मनगटाएवढा आखूड. गॅरेजमध्ये त्याला जॉईंट रबर किंवा मॅनिफोल्ड रबर म्हणतात. इंजिनाचे हादरे कार्बोरेटरला बसू नयेत, उष्णता थेट पोचू नये, म्हणून तिथे रबर.

पण रबराला वय असतं. इंजिनाची धग, पेट्रोलची वाफ, हादरे, उन्हातान्हात उभं राहणं, यांनी ते कडक होतं आणि चिरतं. चीर गेली की इंजिन तिथूनही हवा ओढतं. ही हवा कार्बोरेटरने मोजलेली नसते. पिठात पाणी जास्त पडलं की पोळी लाटता येत नाही, तसंच हे. हवा जास्त, पेट्रोल कमी. मग गाडी थंडीत सुरू होत नाही, कारण तिला पेट्रोल पुरत नाही. म्हणून चोक लागतो. अॅक्सिलरेटर सोडला तरी रेस लवकर उतरत नाही. मध्येच मिसिंग मारते, फटफटते, इंजिन जास्त तापतं. प्लग काढून पाहिला तर टोक नेहमीसारखं तपकिरी नसतं, पांढरट पडलेलं असतं.

आणि हे नुसतं वैतागाचं नाही, जिवाशी खेळ आहे. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोल कमी पडलं की पिस्टन फार तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकून बसतो. धावत्या गाडीचं मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. भाऊजींनी अक्कांच्या मुलाला तिथेच बजावलं, "असं कधी वाटलं तर पहिल्यांदा क्लच दाब. बाकी सगळं नंतर." अक्कांचा चेहरा उतरला. दोन महिने पोरगं दोन्ही वेळा तीच गाडी त्या चढावरून नेत होतं.

तासाभराने गाडी गार झाली. भाऊजींनी पेट्रोलचा कॉक बंद केला, दोन्हीकडच्या क्लिपा सैल करून कार्बोरेटर मागे ओढला आणि बोल्ट काढून रबर हातात घेतलं. इंजिनाच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं, खडा-माती आत जाऊ नये म्हणून. वर मला सांगितलं, "वहिनी, बसवताना हे फडकं काढायची आठवण तुम्ही करायची!"

रबर वरून अगदी धडधाकट दिसत होतं. त्यांनी ते अक्कांच्या हातात दिलं. अक्कांनी अंगठ्याने दाबून वाकवलं, आणि खालच्या वळणावर बंद ओठ उघडावेत तशी इंचभर लांब चीर उघडली. सोडलं की मिटायची. अक्का म्हणाल्या, "अवो, ही तर कुकरची रिंग! कडक झालीया नुसती."

भाऊजी हसले. "एवढं ज्याला कळलं त्याला निम्मं इंजिन कळलं, अक्का."

तीनदा कार्बोरेटर साफ करणाऱ्याला हे दिसलं नाही, कारण जागेवर बसलेलं रबर मिटलेलं असतं. त्याने फसवलंच असं मी म्हणणार नाही. कदाचित त्याने बघितलंच नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. नव्या पोरांचा हात त्या गाड्यांवर बसलाय. जुन्या गाडीला मात्र वाकून, कान देऊन बघावं लागतं.

चिरेवर एम-सील किंवा सोल्युशन लावलं तर चालेल का, असं मुलाने विचारलं. चालत नाही. रबर हलत राहतं, वरचं लिंपण कडक होऊन सुटतं. साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं आणि त्याचा तुकडा आत ओढला गेला तर इंजिनाचं नुकसान. वाटेत अडलात तर ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून हळूहळू घरी यावं, पण तेवढ्यापुरतंच. फाटक्या रिंगेला दोरा बांधून आपण भात शिजवतो का?

कोल्हापूरला जाणाऱ्या भाच्याकडून रबर मागवलं. जुनं रबर नमुन्याला बरोबर दिलं होतं, ते महत्त्वाचं. नवं रबर, मधलं गास्केट आणि क्लिप मिळून बिल चारशेच्या आत आलं. रविवारी बसवायला घेतलं. चिकटून राहिलेलं जुनं गास्केट हलक्या हाताने खरवडलं. फडकं आठवणीने काढलं. बोल्ट एकदम एकच न आवळता आळीपाळीने थोडे थोडे आवळले. जोर करायचा नाही, अॅल्युमिनियमचे आटे जातात. कार्बोरेटर सरळ बसला की नाही ते बघितलं. क्लिपही बेताचीच आवळायची, फार आवळली तर नवं रबर तिथेच कापतं.

शेवटी इंजिन गरम करून स्लो सेटिंग. मधल्या काळात कुणी कुणी स्क्रू फिरवून रेस वाढवून ठेवली होती, म्हणजे दुखणं झाकून ठेवलं होतं. ती सगळी जागेवर आणली. आणि गाडी अशी चालू लागली की आमचे यजमान वर्तमानपत्र ठेवून ओसरीवर आले. बराच वेळ नुसते आवाज ऐकत उभे राहिले. काय आठवत असेल ते मला कळलं. मी काही विचारलं नाही.

मैत्रिणींनो, प्रत्येक वेळी दोष रबराचाच असतो असं नाही. फिल्टर चोंदलेला असतो, कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये कचरा असतो, प्लग गेलेला असतो, टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचं ऑइल सीलही हवा घेतं. गाडीगाडीत फरकही असतो, काहींत पुढे धातूचा पाईप आणि ओ-रिंग असते. पण स्वस्तातलं आधी आणि महागातलं शेवटी, हा आपला स्वयंपाकघरातला नियम इथेही लागू आहे. इंजिन उघडण्याआधी चार गोष्टी घरच्यांना विचारा:

* चोक बंद केला की गाडी बंद पडते का? उभ्या गाडीची रेस आपोआप वर-खाली होते का?
* सुरू गाडीच्या रबरावर आणि जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारला की आवाज बदलतो का? काही जण इथे पेट्रोल शिंपडतात. ते कधीही करू नका, गरम इंजिनावर भडका उडतो. पाणीही फिल्टरच्या तोंडात किंवा प्लगवर मारू नका. हात सायलेन्सरपासून लांब आणि पदर-ओढणी खोचलेली हवी.
* रबर बाहेर काढून, वाकवून बघितलंय का? जागेवर बघून 'चांगलं आहे' म्हणू नका.
* काढलेला जुना भाग परत मिळाला का? तो मागून घ्या. पैसे आपण दिलेले असतात.

आणखी एक. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. काही जुन्या वाहनांत रबरी भाग आणि गास्केट एरवीपेक्षा लवकर बदलावे लागू शकतात, हे २०२५ साली सरकारी खुलाशातही सांगितलं गेलं. म्हणून घरी जुनी गाडी असेल तर सर्व्हिसिंगला देताना ऑइलबरोबर 'रबरं बघा' एवढे दोन शब्द आवर्जून सांगा.

पुढच्या बैठकीत अक्कांचा कर्जाचा अर्ज मी त्यांना परत दिला. त्यांनी तो फाडला नाही, घडी घालून बटव्यात ठेवला. म्हणाल्या, "म्हस घ्यायला लागंल की." मग पिशवीतून तेच जुनं चिरलेलं रबर काढलं आणि सतरंजीवर मधोमध ठेवलं. एकेकीने ते उचलून, वाकवून बघितलं. बारा जणींच्या हातातून फिरून ते माझ्याकडे आलं, तेव्हा कोपऱ्यातली एक जण हळूच म्हणाली, "ताई, आमच्या ह्यांची गाडी पण सकाळी लई किका खाती. ती पाण्याची बाटली कशी मारायची म्हणालात?"