कापडी छताच्या मोटारीचा हिवाळा
जर्मनीत १९९७पासून मिळणाऱ्या हंगामी क्रमांकपट्टीमुळे, म्हणजे वर्षातील ठरावीक महिन्यांपुरत्याच वैध असलेल्या नोंदणीमुळे, अनेक कन्व्हर्टिबल, अर्थात घडीच्या छताच्या मोटारी, बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठापासून दूर, हिवाळाभर गॅरेजमध्येच असतात. तेथे सर्वाधिक जपावे लागते ते कापडी छत. ते धुऊन पूर्ण वाळवावे आणि लावलेलेच ठेवावे, कारण ओल्या घडीत बुरशी धरते, कोरड्या घडीच्याही कायमच्या सुरकुत्या पडतात, आणि जुन्या गाड्यांची मागची प्लॅस्टिकची खिडकी थंडीत कडक होऊन दुमडताना तडकू शकते. हँडब्रेक ओढलेला राहिल्यास ब्रेक गंजून चिकटण्याचा धोका असल्याने चाकांना ठोकळे लावणेच बरे. अधूनमधून पाच मिनिटे इंजिन चालवणे मात्र अपायकारकच, कारण तेवढ्यात एक्झॉस्टमधील ओलावा उडून जात नाही.