लंडनमधला अखेरचा दिवस

परदेश-दौऱ्याचा अखेरचा दिवस गाणाऱ्यांना मोठा मोहाचा. कार्यक्रम आटोपलेले, खिशात उरलीसुरली नाणी. मग सारा ताफा दुकानांत शिरतो. लंडनला जाणाऱ्या आपल्याकडील वृंदगायकांना माझे सांगणे एवढेच, की राजवाडा पाहा, पूल पाहा. पण दुपार १०, किंग हेन्रीज रोड या घरासाठी राखून ठेवा.

प्रिमरोझ हिल टेकडीजवळच्या या घरात १९२१-२२ मध्ये विद्यार्थी भीमराव आंबेडकर राहत असत. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतले. संग्रहालयाला काही शेजाऱ्यांनी हरकत घेतली, स्थानिक परिषदेने नकार दिला आणि २०२० मध्ये कुठे परवानगी मिळाली! दार येथेही सहजी उघडले नाही.

आपल्या नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार १९३० साली सुरू झालेल्या सत्याग्रहाने उघडले नाही. म्हणूनच १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली. मालेगावकर मनमाडवरून त्या येवल्याला कितीदा जातात, पण थांबतात किती?

एकाचा सूर हरवला तर सारे गाणे उणे होते, हे वृंदगायकांना शिकवावे लागत नाही. एकाला उंबऱ्याबाहेर ठेवले की सारे गाव बेसूर होते, हे त्या घरापुढे उभे राहिल्यावर त्यांनाच आधी कळेल.