धानाचा भाव वाढला म्हणजे नेमकं काय वाढलं?



पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "शेतीमालाच्या भावावर विषय घ्यायचाय, सुरुवात कुठून करू?" आज भंडारा जिल्ह्यातल्या धानावरून ते समजून घेऊ. एक पीक, एक जिल्हा आणि तीन प्रश्न.

भंडाराच का? वैनगंगेचं खोरं, जुने मालगुजारी तलाव आणि खरिपात जिकडे बघाल तिकडे बांधीत धान. पाण्याची सोय असेल तिथे उन्हाळी धानही घेतात. बहुतेक घरांचा वर्षाचा हिशोब या एकाच पिकावर चालतो. त्यामुळे भावात झालेला बदल इथे लगेच घरापर्यंत पोचतो.

प्रश्न १ : भाव किती वाढला?

साधारण धानाचा हमीभाव २०१४-१५ मध्ये क्विंटलला १३६० रुपये होता. २०२४-२५ मध्ये तो २३०० झाला. म्हणजे दहा वर्षांत सुमारे ६९ टक्के वाढ. बातमीत हाच आकडा येतो आणि तो खोटाही नाही. पण संशोधकाने इथे थांबायचं नसतं.

याच काळात ग्राहक किंमत निर्देशांक (पाया २०१२ = १००) सुमारे ११९ वरून १९३ च्या आसपास गेला. महागाई काढून टाकायची म्हणजे २३०० ला १९३ ने भागायचं आणि ११९ ने गुणायचं. उत्तर येतं साधारण १४२०. म्हणजे २०१४-१५ च्या रुपयांत बघितलं तर १३६० चे १४२० झाले. दहा वर्षांत वाढ फक्त चार-साडेचार टक्के! पहिल्या आकड्याला चालू किंमत म्हणतात, दुसऱ्याला स्थिर किंमत. किमतींच्या कलावर लिहिताना आपण यातली कोणती वापरतोय, हे पहिल्याच पानावर सांगून टाका.

प्रश्न २ : खर्च कोणाचा धरला?

"खर्चाच्या दीडपट भाव" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. २०२४-२५ साठी कृषी खर्च व मूल्य आयोगाने धानाचा खर्च क्विंटलला १५३३ रुपये धरला. त्याची दीडपट २२९९.५०, म्हणून हमीभाव २३००. हिशोब बरोबर आहे. पण हा खर्च 'ए-२ अधिक एफएल' आहे. म्हणजे बी, खत, मजुरी असा प्रत्यक्ष झालेला खर्च आणि घरच्यांच्या श्रमाचं मोल. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज धरलं की 'सी-२' होतो, आणि तो जास्त असतो. शेतकरी संघटना सी-२ च्या दीडपट मागतात, ते यामुळेच.

दुसरी गोष्ट, हा खर्च देशाची सरासरी आहे आणि तो क्विंटलमागे काढलाय. समजा हेक्टरी ४०,००० रुपये खर्च आला. ३० क्विंटल पिकलं तर क्विंटलमागे खर्च १३३३. तुडतुडा लागला किंवा पावसाने दगा दिला आणि २० क्विंटलच झालं, तर तोच खर्च २०००. रोवणीची मजुरी तर आधीच देऊन झालेली असते. म्हणून भावाचा अभ्यास उत्पादकतेपासून तोडून करता येत नाही.

प्रश्न ३ : हातात किती पडले?

हमीभाव मिळतो तो आधारभूत खरेदी केंद्रावर. त्यासाठी ऑनलाइन नोंदणी, सातबारा आणि धानात जास्तीत जास्त १७ टक्के ओलावा अशा अटी आहेत. कापणी झाली की मजुरांचे आणि दुकानदाराचे पैसे द्यायचे असतात. केंद्र सुरू व्हायला उशीर झाला, तर गरजू शेतकरी व्यापाऱ्याला धान देऊन मोकळा होतो. मग त्याच्यासाठी हमीभाव हा कागदावरचाच आकडा राहतो.

व्यापाऱ्याचा भाव दिल्लीतल्या निर्णयांवरही हलतो. २० जुलै २०२३ ला केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि सप्टेंबर २०२४ च्या शेवटी ती पुन्हा खुली केली. अशी बंदी ग्राहकाला दिलासा देते, पण शेतकऱ्याला मिळू शकणारा वरचा भाव कापते.

त्यात राज्याचा बोनस. २०२०-२१ मध्ये तो क्विंटलला ७०० रुपये होता, ५० क्विंटलच्या मर्यादेत. पुढे पद्धत बदलली. २०२३-२४ साठी हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. आता एका एकराचा (०.४ हेक्टर) शेतकरी घ्या. १५ क्विंटल विकले तर जुन्या पद्धतीने १०,५०० आणि नव्या पद्धतीने ८,००० रुपये. पीक बुडून ५ क्विंटलच आलं तर जुन्या पद्धतीने ३,५००, नव्या पद्धतीने मात्र ८,०००च. म्हणजे जुना बोनस भावासारखा होता, नवा थोडाफार विम्यासारखा वागतो. नाव एकच, काम वेगळं. शिवाय पैसा सातबाऱ्यावर नाव असलेल्याला जातो. ठेक्याने किंवा बटईने कसणाऱ्याच्या हातात त्यातलं किती येतं, हा त्या दोघांमधला व्यवहार.

तुमच्यासाठी विषय कुठे आहे?

"भंडारा जिल्ह्यातील धान उत्पादकांच्या समस्या" असं शीर्षक टाळा. त्यात मोजण्यासारखं काहीच नाही. त्याऐवजी असे प्रश्न घ्या:

- केंद्र सुरू होण्याची तारीख आणि कापणीनंतर लगेच विकलेलं धान, यांचा संबंध आहे का?
- हेक्टरी बोनस आल्यावर जमिनीचा ठेका वाढला का?
- तुमसरसारख्या बाजार समितीतला भाव हमीभावापेक्षा कोणत्या महिन्यांत खाली असतो?

तिन्ही प्रश्नांचं उत्तर "नाही" असंही येऊ शकतं, आणि संशोधनाचा प्रश्न तसाच असावा. माहिती बाजार समितीच्या नोंदींत, खरेदीच्या आकड्यांत आणि गावात मिळेल. गावात जाल तेव्हा "भाव काय मिळाला?" एवढंच विचारू नका. "कोणत्या तारखेला विकला, कोणाला विकला आणि पैसे कधी आले?" हेही विचारा. भाव या तिन्ही उत्तरांत मिळून असतो.