राहुट्यांच्या गावची विठाबाई

पाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या राहुट्या उभ्या राहतात. प्रत्येक राहुटीवर एका फडाचा फलक, आत टेबल, खुर्च्या, तारखांची वही आणि फडाचा व्यवस्थापक. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर या तालुक्यांतल्या यात्रा कमिट्या इथं येतात, चार राहुट्या फिरतात, भाव काढतात आणि सौदा पटला की सुपारी देतात. गावदेवाची तिथी ठरलेली, ती पुढंमागं होत नाही. त्यामुळं चैत्र पौर्णिमा आणि कालाष्टमी या रात्रींना मोठ्या फडांसाठी गावागावांत चढाओढ लागते आणि आकडाही चढतो. नारायणगावाला तमाशापंढरी म्हणतात ते या बाजारामुळं. पण या गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं ते विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी.

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५ चा, पंढरपूरचा. म्हणून नाव विठा. घरात तमाशा आधीपासूनच होता. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला, वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो नावारूपाला आणला. ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हे नाव त्या काळी गावोगाव पोहोचलेलं होतं. विठाबाईंची शाळा म्हणजे हा फडच. ढोलकीचा तोडा, हलगीची कडकड, तुणतुण्याचा सूर हे त्यांच्या कानांवर अक्षरांच्या आधी पडलं. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग या क्रमानं रात्र कशी चढवत न्यायची, हे त्या विंगेत उभ्या राहून शिकल्या.

तो काळ तमाशाला सोपा नव्हता. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. ती उठली तेव्हा वगाच्या संहिता सरकारी मंडळाकडून तपासून घ्यायची अट मागं राहिली. ज्या कलेत सोंगाड्या समोरच्या पाटलाला, सावकाराला, पुढाऱ्याला जागच्या जागी चिमटा काढतो, तिला आधी सगळं कागदावर लिहून दाखवा असं सांगण्यात आलं. विठाबाई वयात आल्या त्या अशा दिवसांत. आणि तरीही १९५७ मध्ये, अवघ्या बाविशीत, राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. दुसऱ्यांदा तो १९९० मध्ये झाला. मधली तेहतीस वर्षं त्या बोर्डावर होत्या.

त्यांच्याविषयी एक गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. दिवस भरलेले असताना विठाबाई नाचत होत्या. खेळ रंगात असताना कळा सुरू झाल्या. त्या मागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा रंगमंचावर आल्या. बाई मोकळी झाल्याचं लोकांना उमगलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवला.

ही गोष्ट खरी आहे आणि अंगावर काटा आणणारी आहे. पण ती इतक्या वेळा सांगितली गेली, की विठाबाई म्हणजे तेवढी एकच रात्र असं होऊन बसलं. मला त्याचं वाईट वाटतं. तिच्या वेदनेला आपण हात जोडतो आणि तिच्या कलेपर्यंत पोचतच नाही. त्या रात्री ती परत का आली, याचं उत्तर तरी शोधावं. फडावर कितीतरी चुली अवलंबून असतात. ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, मावशी, सुरत्ये, नाचणाऱ्या पोरी, कनाती ठोकणारे, गाडीवाले, भटारी. हंगामाआधी कलावंतांना उचल दिलेली असते, ती बहुतेक वेळा सावकाराकडून आणलेली असते. खेळ अर्धा राहिला तर ठरलेले पैसे हातात पडतीलच असं नाही. विठाबाई नाचणारीही होती आणि पुढं फडाची धनीणही झाली. तमाशात स्त्री बोर्डावर उभी राहिली त्याला फार पिढ्या झालेल्या नाहीत. त्याआधी नाच्या पोऱ्याच असायचा. पवळा हिवरगावकरीण पठ्ठे बापूरावांच्या फडात गाजली ती गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात. त्यानंतर काही दशकांतच एका बाईचं नाव फडाच्या फलकावर मालक म्हणून यावं, त्यात बापाचं नाव असावं आणि जात न लपवता ठळक अक्षरांत असावी, हे धाडस मला त्या बाळंतपणाइतकंच मोठं वाटतं.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला तमाशा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. जत्रेचा दिवसच त्याच्याभोवती बांधलेला असतो. सकाळी देवाला अभिषेक, मग मांडव-डहाळे, शेरणी वाटप, घाटात बैलगाड्यांच्या बाऱ्या, रात्री पालखी आणि पालखी देवळात गेली की तमाशा. खरे दर्दी मात्र दुसऱ्या दिवशीच्या हजेरीची, म्हणजे दिवसाच्या खेळाची, वाट पाहतात. रात्रीच्या दिव्यांचा, भपक्याचा आधार हजेरीला नसतो. भर उन्हात, जवळ बसलेल्या जाणत्या माणसांपुढं फक्त गळा, पाय आणि शब्द टिकतात. विठाबाई या कसोटीवर उतरलेल्या कलावंत होत्या. त्यांचा आवाज जाड आणि मोकळा, ध्वनिक्षेपकाची वाट न पाहणारा. लावणीत अदा होती, पण ती मिजाशीची, लाचारीची नव्हे. शिवाय वगात भूमिका उभी करण्याची ताकद होती. नाचणाऱ्या अनेक असतात, वग तोलून धरणाऱ्या थोड्या.

हा मोकळेपणा त्यांना फुकट मिळाला नव्हता. आयुष्य फिरस्तीचं, संसार पाठीवर, पैसा आला तसा गेला. म्हातारपण हलाखीत गेलं. शेवटच्या आजारात उपचाराचा खर्च लोकांच्या मदतीवर निभावला आणि १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. दोनदा राष्ट्रपतींसमोर उभी राहिलेली बाई अशी जावी, ही आपल्या सगळ्यांच्या माथ्यावरची गोष्ट आहे. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावानं तमाशा क्षेत्रातल्या ज्येष्ठांना जीवनगौरव पुरस्कार देतं. कांताबाई सातारकरांसारख्या तोलामोलाच्या कलावंताला तो मिळाला, याचा आनंद आहेच.

वारसा घरातही चालला. थोरल्या फडांच्या यादीत मुलगी मंगला बनसोडे यांचं नाव कित्येक वर्षं वर राहिलं. त्याही आईसारख्याच नाचणाऱ्या आणि फड चालवणाऱ्या.

पण धंद्याची अवस्था नाजूक आहे. २०२० चा पाडवा २५ मार्चला आला आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. सुपाऱ्यांचा ऐन मोसम बुडाला, पुढच्या वर्षीच्या जत्राही भरल्या नाहीत. दोन हंगाम गेलेल्या फडाला उचल फेडायला किती वर्षं लागत असतील, याचा अंदाज शेतकऱ्याला सहज येईल. आता जत्रा पुन्हा भरतात, पण काही गावं तमाशाऐवजी ऑर्केस्ट्रा आणतात, आणि जिथं तमाशा येतो तिथंही वग मागं सरून सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश आधी होते.

विठाबाईंच्या उमेदीच्या काळातलं चित्रण फार थोडं शिल्लक आहे. त्यांनी कोणत्या गावात कोणता वग केला, किती बिदागी घेतली, याचा लेखी मागमूस कुठं सापडला तर तो आपल्याच गावांत सापडेल. यात्रा कमिट्यांच्या जुन्या वह्यांत देवाच्या तेला-नारळाच्या खर्चाखाली तमाशाची रक्कम आणि फडाचं नाव लिहायची पद्धत होती. कुणाच्या फडताळात हँडबिल असेल, कुणाकडं हजेरीला काढलेला एखादा फोटो असेल. ज्या गावच्या कमिटीकडं १९५५ ते १९९० या काळातल्या वह्या असतील, तिनं वाळवी लागण्याआधी त्या बाहेर काढाव्यात, पानांचे फोटो घ्यावेत आणि ज्या म्हाताऱ्यांनी विठाबाईंना समोर बसून पाहिलं त्यांना ती पानं दाखवून त्यांचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावं. साठच्या दशकात विशीत असलेला प्रेक्षक आज ऐंशीच्या घरात आहे.