रोजा, गोळी आणि पोटातले बाळ

असरची नमाज झाली की रमजानमध्ये आमच्या गल्लीला वेगळीच जाग येते. भज्यांचे पीठ भिजते, कलिंगड कापले जाते, मुले खजुराची ताटे घेऊन मशिदीकडे पळतात. इफ्तारला अर्धा तास उरला असताना फोन वाजला तर सहसा कुणी उचलत नाही. चार वर्षांपूर्वी बाराव्या रोज्याला असाच फोन वाजला. मी उचलला, कारण नाव माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे होते.

पलीकडून तिचा नवरा बोलत होता. “मॅडम, तिला सहेरीच्या वेळी झटका आला. स्वयंपाकघरात पडली. दुपारी दवाखान्यात पुन्हा आला. सहावा महिना आहे. ती अजून नीट बोलत नाही. डॉक्टर विचारतात, आधीपासून मिरगी आहे का? आम्हाला तर काहीच माहीत नाही. तुम्ही तिला शिकवलंय म्हणून विचारतो.”

मला माहीत होते. बारावीत असताना ती माझ्याच तासाला बाकावरून खाली कोसळली होती. दुसऱ्या दिवशी तिची आई माझ्याकडे आली आणि बुरख्याच्या टोकाने डोळे पुसत म्हणाली, “मॅडम, बात बाहर नको जाने दो. लडकी की जात है.” पुढे तिचे स्थळ ठरत असताना मुलाच्या नात्यातल्या एक बाई कॉलेजात येऊन मला भेटल्या. मी सांगितले, मुलगी हुशार आहे, स्वभावाने गोड आहे. ते खरेच होते. पण सगळे नव्हते. त्या दिवशी मी एका मुलीची लाज राखली असे मला वाटले होते.

फोनवर मात्र मी एका दमात सांगून टाकले, “हो, मिरगी आहे. गोळ्या चालू असायच्या. हे डॉक्टरांना लगेच सांगा, नंतर माझ्यावर रागवा.”

ही माहिती इतकी महत्त्वाची का होती, हे मला पुढे एका मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितले. गरोदरपणात पाचव्या महिन्यानंतर झटका आला की डॉक्टरांच्या मनात पहिली शंका वाढलेल्या रक्तदाबाची येते. त्या झटक्यांना एक्लॅम्प्शिया म्हणतात. त्यावर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देतात आणि आईचा जीव वाचवण्यासाठी कधी कधी वेळेआधी प्रसूतीही करावी लागते. मिरगीच्या झटक्याचा उपचार वेगळा. त्यात बंद पडलेले औषध पुन्हा सुरू करायचे असते. बाहेरून दोन्ही झटके सारखेच दिसतात. सहाव्या महिन्यात विनाकारण प्रसूती म्हणजे बाळाच्या जिवाशी खेळ. तिच्या घरात हे सांगू शकणारे कुणीच नव्हते, कारण तिने ते कुणाला सांगितलेच नव्हते.

नंतर तिने मला सगळे सांगितले. लग्नानंतर दीड वर्ष ती गोळ्या पर्सच्या अस्तरात लपवून घेत होती. दिवस गेल्यावर सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “पेट में बच्चा है, इतनी गोलियां नको खा, गर्मी करती हैं.” त्या लोहाच्या गोळ्यांबद्दल बोलत होत्या. हिने ते आपल्या लपवलेल्या गोळ्यांना लावून घेतले. लोहाच्या गोळ्या निदान सगळ्यांसमोर घेता येत होत्या. या गोळ्यांबद्दल विचारायचे कुणाला? मग रमजान आला. तिने मनाशी ठरवले की बाळासाठी गोळ्या सोडायच्या आणि बाळासाठीच पूर्ण महिना रोजे धरायचे. नीयत किती चांगली, आणि अकराच दिवसांत काय झाले!

मिरगी, अपस्मार, फेफरे, आकडी, फिट. नाव काहीही द्या, हा मेंदूतील विजेच्या संदेशांत अचानक उठणाऱ्या वादळाचा आजार आहे. वेड नव्हे, जिन्नाचा साया नव्हे, संसर्ग तर नाहीच. जगात सुमारे 5 कोटी माणसे त्याच्यासोबत जगतात. नियमित औषधाने बहुतेकांचे झटके थांबतात. पण मेंदूला शिस्त लागते ती वेळेवर घेतलेल्या गोळीने आणि पुरेशा झोपेने. रमजानमध्ये नेमक्या या दोन गोष्टी बिघडतात. तरावीहनंतर झोपायला मध्यरात्र होते, सहेरीला चार-साडेचारला उठावे लागते आणि दुपारची गोळी राहून जाते. त्यात गरोदर बाईला उलट्या होत असतील, अंगातले पाणी कमी झाले असेल तर धोका आणखी वाढतो.

औषध एकदम तोडले तर झटके जोराने परत येतात. कधी ते एकामागून एक येतात आणि थांबतच नाहीत. मोठ्या झटक्यात आईचा श्वास अडखळतो, ती पोटावर पडू शकते, बाळाचा प्राणवायू कमी होतो. म्हणजे बाळाला औषधापासून वाचवायला निघालेली आई त्याला त्याहून मोठ्या धोक्यात लोटते.

मग औषधांचा बाळावर परिणाम होतच नाही का? होतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण सगळी औषधे सारखी नाहीत. व्हॅल्प्रोएट हे जुने आणि प्रभावी औषध गर्भासाठी सर्वांत धोक्याचे मानले जाते. ते घेणाऱ्या आईच्या साधारण 10 पैकी एका बाळात पाठीचा कणा, हृदय, टाळू अशा ठिकाणी जन्मदोष आढळतो. इतर बाळांत हे प्रमाण शंभरात दोन-तीन असते. शिवाय, गर्भात व्हॅल्प्रोएट मिळालेल्या 100 मुलांपैकी 30 ते 40 मुलांच्या बोलण्यात, शिकण्यात किंवा वागण्यात अडचणी दिसतात. टोपिरामेट हेही गर्भारपणात टाळण्याचे औषध आहे. याउलट लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम ही दोन औषधे आजवरच्या अभ्यासांत बरीच सुरक्षित ठरली आहेत.

याचा अर्थ व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या बहिणीने हा लेख वाचून उद्या गोळी फेकून द्यावी असा मुळीच नाही. औषध बदलायचे तर ते दिवस जाण्याआधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू आणि महिनोन्‌महिने सवड ठेवून बदलायचे असते. त्यासाठी लग्न ठरतानाच किंवा मूल हवे असे वाटताच डॉक्टरांकडे जायला हवे. फॉलिक अ‍ॅसिडही तेव्हापासूनच सुरू करायचे, कारण बाळाचा मज्जारज्जू पहिल्या चार आठवड्यांतच आकार घेतो. तेव्हा बऱ्याच जणींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. मिरगी असलेल्यांना डॉक्टर बहुधा रोज 5 मिलिग्रॅमची मोठी मात्रा देतात. आणि औषध न बदलताच दिवस गेले असतील तरी गोळी चालू ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावे.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. गरोदरपणात शरीर काही औषधे लवकर बाहेर टाकते. लॅमोट्रिजिनचे रक्तातले प्रमाण तर चांगलेच उतरते. म्हणून डॉक्टर मात्रा वाढवतात आणि बाळंतपणानंतर पुन्हा कमी करतात. “आधी एक होती, आता दोन का?” म्हणून घरच्यांनी घाबरू नये. अंगावर पाजणेही बहुतेक औषधांसोबत चालते. बाळंतपण दवाखान्यातच व्हावे, एवढा आग्रह मात्र धरावा.

आपल्या देशातही यावर मोठे काम झाले आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत 1998 पासून मिरगी असलेल्या गरोदर स्त्रियांची नोंदवही ठेवली जाते आणि त्यांच्या मुलांच्या वाढीवरही लक्ष ठेवले जाते. देशविदेशातल्या अशा कामाचे सार एका ओळीत सांगायचे तर मिरगी असलेल्या दहापैकी नऊहून अधिक स्त्रियांची बाळे निरोगी जन्मतात.

आता प्रश्न दीनचा. माझी विद्यार्थिनी दवाखान्याच्या खाटेवर रडत होती, ती झटक्यासाठी नव्हे, रोजा तुटला म्हणून. तेव्हा मी तिला सूरह बकराच्या 184 आणि 185 या आयतींची आठवण दिली. रोजे फर्ज झाल्याचा हुकूम याच भागात आहे आणि आजारी माणसाने, मुसाफिराने राहिलेले रोजे इतर दिवसांत पूर्ण करावेत ही सवलतही इथेच आहे. अल्लाहला बंद्यांसाठी सुलभता हवी आहे, अडचण नको, हा खुलासाही त्यातच. अबू दाऊद आणि तिर्मिजीच्या संग्रहांत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला रोज्यातून सूट दिल्याची हदीस आहे. हनफी मतानुसार तिने पुढे सवडीने कजा रोजे ठेवावेत. आपल्या कोकणातले बहुसंख्य मुस्लिम शाफई आहेत. त्या मतानुसार भीती फक्त बाळासाठी असेल तर कजासोबत फिदयाही द्यावा लागतो. ज्यांचा आजार कायमचा आणि रोजा कधीच झेपणार नाही असा, त्यांच्यासाठी फिदया, म्हणजे एका रोज्याबद्दल एका गरजवंताचे जेवण. आपल्याला काय लागू होते ते जवळच्या आलिमांना विचारावे, पण त्याआधी डॉक्टरांना विचारून जावे.

मिरगी असलेल्या प्रत्येकाला रोजा मनाच आहे असे नाही. ज्यांचे झटके अनेक वर्षे थांबले आहेत, ज्यांची गोळी सहेरी आणि इफ्तारला बसते, अशा काहींना डॉक्टर परवानगी देतात. पण ते रमजानच्या आधी, शाबानमध्येच विचारून ठरवायचे. आणि गरोदर बाईने तर सवलत घेण्यात संकोच करू नये.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेला एक प्रसंग मला नेहमी आठवतो. मिरगी असलेली एक काळ्या वर्णाची स्त्री पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्याकडे आली. झटका आला की अंगावरचे वस्त्र सरकते, हे तिचे दुःख होते. सब्र केलास तर जन्नत आहे, हवे तर बरे होण्यासाठी दुआ करतो, असे तिला सांगण्यात आले. तिने सब्र निवडला, फक्त उघडे पडू नये एवढी दुआ मागितली, आणि ती दुआ केली गेली. या हदीसमधून काही जण ‘औषध नको, सब्र करा’ असा अर्थ काढतात. पण प्रत्येक आजारावर इलाज आहे, तो करा, ही शिकवणही त्याच पैगंबरांची. मला त्या प्रसंगात वेगळेच दिसते. ती बाई आपला आजार सर्वांसमोर बोलून दाखवते आणि तिला कुणी हिणवत नाही. तिच्या लाजेचा मान ठेवला जातो. चौदाशे वर्षांनंतर आपल्या मुली पर्सच्या अस्तरात गोळ्या लपवतात.

हे फक्त आपल्याच समाजात घडते असेही नाही. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात मिरगीचे वारंवार येणारे झटके ही लग्नाच्या आड येणारी बाब होती. 1999 च्या दुरुस्तीने तो शब्द काढला गेला. कायद्याच्या पुस्तकातून गेला, स्थळाच्या चौकशीतून अजून गेलेला नाही.

म्हणून घरातल्या मोठ्यांसाठी थोडे. झटका आला तर चप्पल, कांदा हुंगवू नका. तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली मऊ काही ठेवा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना. गरोदर बाईला झटका आला तर तो थांबला तरी दवाखाना. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिथे जाताना मिरगीच्या गोळ्यांचे पाकीट सोबत न्या. बाळ झाल्यावर आईने त्याला एकटीने अंघोळ घालू नये, दूध जमिनीवर गादी टाकून पाजावे आणि रात्रीचा निदान एक जागता फेरा दुसऱ्या कुणीतरी घ्यावा. आईची झोप हेही तिचे औषधच आहे.

माझ्या विद्यार्थिनीला दिवस पूर्ण भरून मुलगी झाली. ती आता साडेतीन वर्षांची आहे. घरात आधी भांडणे झाली, फसवले म्हणून बोलणी झाली. त्यातला माझ्या वाट्याचा भाग मी त्यांच्या घरी जाऊन ऐकून घेतला. सासूबाई मला एवढेच म्हणाल्या, “बोल दिए होते तो मैं खुद गोली देती.” मला उत्तर सुचले नाही.

आता तेच होते. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सासूबाई दोन रंगांच्या खुणा करतात. राहिलेले रोजे निळ्या पेनाने, घेतलेली गोळी लाल पेनाने. निळ्या खुणा अजून फिटायच्या आहेत. लाल खूण मात्र रोज रात्री त्या स्वतः गोळी हातावर ठेवल्यानंतरच करतात.